विंडोज लेगसीत आहे, मिंट यूईएफआयमध्ये टाकू का?

रावेरकर:
राम राम मंडळी. आमच्या केळीच्या गाड्यांचे हिशेब ज्या डेस्कटॉपवर होतात त्यात विंडोज १० आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचा सपोर्ट संपला, म्हणून नेटच्या कामाला शेजारी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचीय. विंडोज काढता येत नाही, हिशेबाचं सॉफ्टवेअर तिथेच चालतं. बूट मेनूत मिंटचा एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता, एकदा पुढे ‘यूईएफआय’ (मशीन सुरू करायची नवी पद्धत) लावून. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोड ‘लेगसी’, म्हणजे जुनी पद्धत, आहे. डिस्क १ टीबी, सी-डी-ई. कोणता निवडू?

भुसावळचा मेकॅनिक:
भाऊ, पेनड्राइव्ह ज्या मोडमध्ये सुरू कराल त्याच मोडमध्ये मिंट बसेल. विंडोज लेगसीत, तर मिंटही लेगसीत. म्हणजे नुसत्या नावाचा निवडा. दोघं वेगळ्या मोडमध्ये गेले की ग्रबच्या (मिंटसोबत येणारा, कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणारा बूटलोडर) यादीतून विंडोज उघडत नाही. शंका असेल तर लाइव्ह मिंटमध्ये (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या) ‘सिस’ फोल्डर, त्यात ‘फर्मवेअर’ उघडा. आत ‘ईएफआय’ दिसलं तर गाडी दुसऱ्याच रुळावर, म्हणजे यूईएफआयमध्ये आहे.

खरी मेख पुढे आहे. तुमची डिस्क एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीने भाग पाडलेली, आणि त्यात प्रायमरी पार्टिशन (मुख्य भाग) चारच. सी, डी, ई आणि विंडोजने स्वतःसाठी राखलेलं छोटं, झाले चार! मग जागा मोकळी केली तरी इन्स्टॉलर ती घेत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाचवं करायला जाल तर ‘डायनॅमिक करू का’ विचारेल, म्हणजे साध्या (बेसिक) डिस्कऐवजी विंडोजची स्वतःची वेगळी मांडणी. तिथे हो म्हणू नका. मिंट टाकणं अवघड होऊन बसतं आणि सगळं पुसल्याशिवाय विंडोज डिस्क परत बेसिक करून देत नाही.

ईमधला डेटा बाहेर काढा, ई उडवा, तिथे एक्स्टेंडेड (ज्याच्या आत आणखी भाग करता येतात असं पार्टिशन) करून आत मिंट टाका. लिनक्सला असं आतलं, म्हणजे लॉजिकल, पार्टिशन चालतं. बूटलोडर कुठे टाकू विचारलं की अख्खी डिस्क निवडा, लिनक्समध्ये तिचं नाव बहुतेक एसडीए असेल. साइज बघून खात्री करा, नाहीतर पेनड्राइव्हवर जायचा.

धुळेकर:
त्यापेक्षा एमबीआर-टू-जीपीटी (डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारं विंडोजचं टूल) चालवून विंडोजच यूईएफआयमध्ये नेलं तर?

भुसावळचा मेकॅनिक:
चार प्रायमरी असताना ते टूल नकार देतं, तीनपर्यंतच चालतं. आणि धंद्याचं चालतं मशीन कशाला उकरायचं? मी तर त्या डिस्कला हातच लावला नसता. जळगावला गोलाणी मार्केटमधून २४० जीबीची एसएसडी आणा. जुन्या डिस्कची केबल काढून नवीवर यूईएफआयमध्ये मिंट टाका, मग केबल परत जोडा. कोऱ्या डिस्कवर मी यूईएफआयच टाकतो. बायोसमध्ये मात्र लेगसी आणि यूईएफआय दोन्ही चालू राहू द्या. सुरू करताना ग्रबच्या यादीतून नाही, तर बूट मेनूचं बटण दाबून हवं ते निवडा, म्हणजे मोड वेगळे असले तरी चालतं. एफ-१२, एफ-११, ज्याचं जे असेल ते.

रावेरकर:
एसएसडीच घेतो मग. केबल डेटाची काढू की पॉवरचीही?

भुसावळचा मेकॅनिक:
डेटाची पुरे. आधी भिंतीवरचं बटण बंद करा.