आधी व्हीसीए घ्या, अन् नागपूरचं ऊन विसरू नका
मॉड्युलर सिंथेसायझर, म्हणजे सुटे मॉड्यूल जोडून बनवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, नव्यानं उभारताना ८४ एचपीत (एचपी हे रुंदीचं माप) आधी दोन अ‍ॅनालॉग ऑसिलेटर (सूर काढणारे मॉड्यूल) घ्या, व्हीसीए (व्होल्टेजने सिग्नल कमीजास्त करणारं मॉड्यूल) नंतर पाहू, हे वरच्या पोस्टमधलं काही पटलं नाही बुवा. एक ऑसिलेटर अन् चार चॅनलचा व्हीसीए घ्या, आवाजासोबत मॉड्युलेशनही (आवाजात बदल घडवणारे सिग्नल) त्यातूनच कमीजास्त करता येते.

अन् ऊन कोणी मोजलंच नाही! मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत माझा अ‍ॅनालॉग ऑसिलेटर तासाभरात सुरातून सरकायचा, कूलर लावला की परत दुसरीकडे, कारण एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो हा हिशोब ट्रान्झिस्टरवर चालतो अन् तो तापला की गणित हलतं, तापमानाची भरपाई करणारं कॉम्पेन्सेशन असलं तरी थोडंफार हलतंच. आता प्लेट्स नावाचा ऑसिलेटर वापरून राहिलो, डिजिटल, १२ एचपी, सूर जागचा हलत नाही. नुसते ड्रोन, म्हणजे लांबलचक धरून ठेवलेले सूर, वाजवायचे असतील तर मात्र अ‍ॅनालॉगच घ्या, तिथे ते सरकणं गोड लागते.