भंगारवाल्याची हाळी आणि आमच्या गावचं कंट्री स्टेशन (अनुभव धागा)

शेवंती
काल दुपारी जरा पाठ टेकली, तर खाली भंगारवाला आला. हल्ली ते ओरडत नाहीत, रेकॉर्ड लावतात. "जुना फ्रीज, जुनी सायकल, बंद पडलेला मिक्सर..." आणि मी अर्धवट झोपेत थेट नेब्रास्कात. १९९७ साल.

नवऱ्याच्या व्हिसाची अट होती, जिथे डॉक्टर टिकत नाहीत अशा गावात तीन वर्षं काढा. गाव जेमतेम तीन हजार वस्तीचं, चारी बाजूंनी मका. मला कामाची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, कडेवर आठ महिन्यांचं पोर. घरमालकिणीने ओट्यावर एक रेडिओ ठेवला होता, त्याचं स्टेशन बदलायचं चाक तुटलेलं. म्हणजे लागलंय ते ऐका. लागलेलं होतं गावचं कंट्री स्टेशन, म्हणजे अमेरिकी ग्रामीण गाणी लावणारं.

सकाळी सहाला मका, गहू, डुकरं यांचे भाव. मग हवामान. मग शाळेत आज मुलांना जेवायला काय. मग कोण वारलं, कुठल्या चर्चमध्ये किती वाजता. मग हॉस्पिटलात कोण भरती झालं, कोणाला घरी सोडलं, नावानिशी! नवरा घरी येऊन सांगायच्या आत मला पेशंटची यादी पाठ. (पुढे २००३ मध्ये रुग्णांच्या गोपनीयतेचे नियम लागू झाले, त्यानंतर कोणाची असली यादी वाचायची छाती होणार.)

नऊ वाजता 'स्वॅप शॉप'. लोक फोन करून काय विकायचंय ते सांगत. ट्रॅक्टरचं टायर, लग्नाचा झगा एकदाच घातलेला, कोंबड्या सहा, "नवऱ्याची बंदूक, नवऱ्याला सांगू नका". निवेदक तोच, भाव वाचणाराही तोच, रविवारी चर्चची प्रार्थना लावणाराही तोच. या सगळ्याच्या मधे गाणी.

मी एकदा फोन केला, डीप फ्रीजर हवा होता म्हणून. घाबरून आधी "नमस्कार" म्हणाले. पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, "या डॉक्टरांच्या घरच्या." संध्याकाळी दारात पिकअप, मागे फ्रीजर, आणि एक आजोबा ज्यांनी पैशाआधी नवऱ्याला गुडघा दाखवला.

तुम्ही कोणी असल्या छोट्या गावच्या स्टेशनवर दिवस काढलेत का? कंट्रीच पाहिजे असं नाही. लिहा.

हळद्या
आमचं सांगली आकाशवाणी. १२५१ किलोहर्ट्झ. वडील हळदीचे भाव ऐकल्याशिवाय चहाला हात लावायचे नाहीत. भाव पडला की चहात साखर कमी आहे म्हणून आईवर डाफरायचे. आई म्हणायची, रेडिओचा राग माझ्या चहावर कशाला.

डुकरांचे भाव मात्र नव्हते हो ताई 😄

मनुची_आई
वाचतेय. कुकर लावलाय, रात्री लिहिते.

फिरस्ता७४०
वा शेवंतीताई, माझ्या जिव्हाळ्याचा विषय. नाव बघा म्हणजे कळेल.

नॉर्थ कॅरोलायनात माउंट एअरी नावाचं डोंगराच्या कुशीतलं गाव आहे. तिथलं डब्ल्यूपीएक्यू स्टेशन, ७४० एएम (म्हणजे मिडियम वेव्ह), २ फेब्रुवारी १९४८ पासून चालू. पहिल्यापासून शनिवारी 'मेरी-गो-राउंड' नावाचा जिवंत कार्यक्रम करतात. आजूबाजूचे शेतकरी, सुतार, मेकॅनिक फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि बँजो घेऊन येतात आणि वाजवतात. आता तो गावातल्या जुन्या अर्ल थिएटरातून होतो. मी तिथून तासाभरावर नोकरीला होतो, शनिवारी सकाळी काही काम नसायचं. पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारच्या आजींनी विचारलं, "तू काय वाजवतोस?" म्हटलं, काही नाही. त्यांनी असं बघितलं, जणू मी पंढरपुरात येऊन टाळ येत नाहीत असं सांगितलं.

नॅशव्हिल या कंट्रीच्या राजधानीतल्या चकचकीत गाण्यांशी याचा संबंध चुलत भावाइतकाच. हे जुनं डोंगरी संगीत. खरं सांगतो, शहरातल्या स्टेशनवर लागणारी ट्रक, बिअर आणि सोडून गेलेली बायको ही गाणी मला दोन मिनिटं ऐकवत नाहीत.

दिवाभीत
@फिरस्ता, ट्रक आणि बिअरला नावं ठेवू नका. ओक्लाहोमात शिकत असताना त्याच गाण्यांनी जागं ठेवलंय मला. रात्रीची ड्रायव्हिंग, पुढे-मागे कोणी नाही. आमच्या जवळचं गावठी एएम स्टेशन सूर्य मावळला की राष्ट्रगीत वाजवून बंद व्हायचं. आधी वाटलं आळशी आहेत. मग कळलं, परवानाच दिवसापुरता. रात्री मिडियम वेव्ह वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून शेकडो मैल लांब जाते, दुसऱ्याच्या स्टेशनात घुसते, म्हणून लहानांनी गप्प बसायचं आणि मोठ्यांनी बोलायचं. त्यामुळे रात्री मला टेक्सास, कधी नॅशव्हिल. अवांतर: मिसिसिपीच्या पश्चिमेला स्टेशनचं नाव 'के'ने आणि पूर्वेला 'डब्ल्यू'ने सुरू होतं (काही जुने अपवाद सोडून). अक्षर बदललं की नदी ओलांडली.

बोरूबहाद्दर
रात्री नॅशव्हिल म्हणजे डब्ल्यूएसएम, ६५० एएम. २८ नोव्हेंबर १९२५ च्या शनिवारी तिथे ७७ वर्षांच्या अंकल जिमी थॉम्प्सन यांनी फिडल वाजवलं आणि पुढे त्याचाच 'ग्रँड ओल ऑप्री' हा प्रसिद्ध कंट्री कार्यक्रम झाला. म्हणजे शंभरी उलटली. गंमत म्हणजे स्टेशन एका विमा कंपनीचं, आणि डब्ल्यूएसएम म्हणजे 'वुई शील्ड मिलियन्स', त्यांचं विम्याचं घोषवाक्य. १९२७ मध्ये निवेदक जॉर्ज हे यांनी, आत्ता तुम्ही ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता आमचा ऐका, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं आणि नाव पडलं. शिवाय पहिल्या काळातल्या मोठ्या कलाकारांत डिफोर्ड बेली हे कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक. आणि बँजो तर आफ्रिकेतून आलेल्या गुलामांचं वाद्य, त्यामुळे "हे गोऱ्यांचं संगीत" म्हणणाऱ्यांनी

हळद्या
बोरूबहाद्दर, वाक्य अर्धवट राहिलं. विमा एजंट आला वाटतं दारात.

बोरूबहाद्दर
मोबाईलने धोका दिला. असो, मुद्दा कळला असेल.

सतारवाली_सुमी
गाण्यातलं ते रडकं "टूँऽऽइँ" असतं ना, ते पेडल स्टील गिटार. मूळ हवाईयन गिटारचं. तीच हवाईयन गिटार आपल्याकडेही आली आणि व्हॅन शिप्ले यांच्यामुळे हिंदी गाण्यांच्या धुनांत घराघरात वाजली. माझा काका मिरजेत लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. म्हणून अमेरिकेत पहिल्यांदा कंट्री ऐकलं तेव्हा मला परकं वाटलंच नाही, वाटलं काका आला.

काकाची गिटार विकली मागच्या वर्षी. स्वॅप शॉप नव्हतं, ओएलएक्स होतं. घेणारा मुलगा म्हणाला भिंतीवर लावायचीय.

फिरस्ता७४०
अरेरे.

दिवाभीत
😞 निदान तारा काढून ठेवायच्या होत्यात.

कणीस
नेब्रास्काचं नाव निघालं म्हणून. मी लिंकनला शेतकी शिकत होतो. तिथलं केआरव्हीएन, ८८० एएम, लेक्सिंग्टन गावचं, माहितेय? ते शेतकऱ्यांनी स्वतः वर्गणी काढून उभं केलंय. १९४८-४९ च्या हिवाळ्यात भयंकर हिमवादळं झाली, गुरं गाडली गेली, आणि खेड्यांपर्यंत बातमी पोचवायला नीट साधन नव्हतं. १९५१ मध्ये स्टेशन सुरू. 'के' पुढे 'रूरल व्हॉइस ऑफ नेब्रास्का'. अजूनही मालकी शेतकऱ्यांच्या संस्थेकडे.

हळद्या
म्हणजे सहकारी रेडिओ?! आपल्याकडे प्रवरेचा साखर कारखाना उभा राहिला त्याच सुमाराला! आम्ही सहकारात साखर, दूध, सूत, बँक सगळं काढलं, रेडिओ राहिला की. काढला असता तर चेअरमनचा वाढदिवस चार दिवस वाजला असता म्हणा.

शेवंती
@कणीस, हो! आमच्याकडचं चाक नंतर नवऱ्याने पक्कडने फिरवलं तेव्हा ८८० लागायचं. त्यांचे भाव आमच्या निवेदकापेक्षा आधी यायचे. पण निवेदक आमचा होता, म्हणून परत पक्कड.

वादळवाट
मी जरा कडू लिहिणार आहे. आमच्या गावचं (राज्य सांगत नाही) असंच स्टेशन मोठ्या कोणीतरी घेतलं. १९९६ च्या कायद्याने एका मालकाने देशभरात किती स्टेशनं ठेवायची ही मर्यादाच उठली, मग हे होणारच होतं. नाव तेच, गाणी तीच, बोलणारा माणूस दुसऱ्या शहरात बसून आधीच रेकॉर्ड करून ठेवणारा. एका संध्याकाळी आम्ही तळघरात. वर गारा अशा की छपराचे पत्रे वाजतायत, भोंगा चालू. रेडिओवर तो खुशीत सांगतोय, काय सुंदर संध्याकाळ आहे, अंगणात शेगडी पेटवा. माझी मुलगी पाच वर्षांची. ती म्हणाली, "आई, तो कुठल्या गावात आहे?"

गाडीचं आणि काचांचं नुकसान झालं, माणसं सगळी ठीक. पण त्यानंतर मी ते स्टेशन लावलं नाही.

सतारवाली_सुमी
बाप रे. मिठी तुला.

कोकणी_मेवा
आमच्या रत्नागिरी केंद्रावर पावसाळ्यात समुद्रात जाऊ नका अशी सूचना आली की आजोबा रेडिओलाच उत्तर द्यायचे, "जातोय कोण मेल्या." आणि फर्माईश! आत्तेने तीन महिने पत्रं घातली गाण्यासाठी. लागलं तेव्हा वीज गेली. शेजारणीकडे बॅटरीचा सेट, तिने ऐकलं आणि आत्तेला येऊन सांगितलं, तुझं नाव चुकीचं वाचलं. चाळीस वर्षं झाली, आत्तेला अजून खात्री आहे की शेजारीण खोटं बोलली.

दिवाभीत
फर्माईशींसाठी प्रसिद्ध झुमरीतलैयाला गेली असती तर नाव बरोबर वाचलं असतं 😂

कणीस
शेवंतीताई, त्या फ्रीजरचं पुढे काय झालं? आणि गुडघा?

शेवंती
गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. कोणत्या दिवशी, ते अर्थात रेडिओवरूनच कळलं मला. फ्रीजर तीन वर्षं चालला, डेन्व्हरहून आणलेलं ओलं खोबरं आणि कढीपत्ता त्यातच. निघताना परत स्वॅप शॉपला फोन केला. या वेळी 'हॅलो' म्हणाले, तर तिकडून तो "नमस्ते" म्हणाला. 'नमस्कार' कुठे सांगत बसणार. चाळीसला घेतलेला, पस्तीसला गेला.

हळद्या
पाच डॉलरात तीन वर्षं. सांगली मार्केट यार्डात या तुम्ही.

मनुची_आई
आले. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या तुमच्या नादात, डाळ तळाला लागली. आमच्याकडे नुसतं विविध भारती होतं, त्याबद्दल उद्या लिहिते. आधी कुकर घासते.