उड्या मारून इंग्रजी येतं का?

रावपुऱ्याची_आई: काल कुणीतरी लिहिलं, "उड्या मारायला लावून इंग्रजी शिकवणं म्हणजे फी उकळायचे धंदे, आम्ही एकेक शब्द दहादहा वेळा लिहून काढला." वाचून डोकंच फिरलं, म्हणून लिहितेय, लांबेल. मी घरी सहा मुलं घेते, पाच ते सात वर्षांची. सतरंजीवर चित्रं पसरायची, मी "फ्रॉग" म्हटलं की धावत जाऊन बेडकावर पाय, "हॉप टु द विंडो" म्हटलं की लंगडी घालत खिडकीपाशी, चुकला तो आउट. अमेरिकेत जेम्स आशर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हेच मांडलं, आधी ऐकून अंगाने करू द्या, बोलायची घाई नको. आपलं तान्हं तरी काय करतं? "बाबा कुठेय" विचारलं की मान वळवतं, बोलतं कितीतरी नंतर. आणि दहा वेळा लिहिणाऱ्यांनो, फोनवर कस्टमर केअरवाली इंग्रजीत सुरू झाली की घाम फुटतो की नाही, खरं सांगा.

मांजलपूर७२: ती पोस्ट माझीच. घाम फुटतो, मान्य. पण माझा नातू तीन महिने असल्याच क्लासला जातोय, "जम्प" म्हटलं की उडी, "क्लॅप" म्हटलं की टाळ्या, सगळे खूश. मग मी त्याला घरी एकटा उभा केला, स्वतः जागचा हललो नाही, नुसतं म्हटलं "टच युअर एल्बो". बसला माझ्या तोंडाकडे बघत! इतके दिवस शेजारच्या पोरीचं बघून करत होता.

रावपुऱ्याची_आई: हे बरोबर पकडलंत, नाइलाजाने म्हणते. पण तो दोष शिकवणाऱ्याचा. मी दोन दिवसांनी करून दाखवणं बंद करते, कधी मुद्दाम "नोज" म्हणून स्वतः कान धरते, जो नाक धरेल त्याला कळलं. डोळे मिटूनही घेते.

मांजलपूर७२: आणि "बिकॉज"? "येस्टरडे"? त्याला कुठली उडी?

रावपुऱ्याची_आई: नाही होत. तिथे मीही वहीच काढते. झालं समाधान?

ड्रिलमास्तर_निवृत्त: सहा मुलांवर सिद्धांत मांडू नका. माझ्या वर्गात ४८ होती, बाकांमधून मी आडवा चालायचो. आणि ते चुकला की "आउट" पहिलं बंद करा. ज्याला शब्द येत नाही तोच पहिल्या मिनिटाला भिंतीला टेकतो, ज्याला येतो तो शेवटपर्यंत सराव करतो, हा कुठला न्याय? कबड्डीतसुद्धा बाद गडी परत जिवंत होतो. त्या कबड्डीचे नियम सुधारून १९२३ साली अखिल भारतीय स्पर्धा झाली ती आपल्या बडोद्यात, आणि आज पोरांना...

सेवउसळ_प्रेमी: झालं, काका मैदानात उतरले. अहो फ्रॉगचं काय घेऊन बसलात, मुलांना बेडूक तरी येतो का? दांडिया बाजारातल्या मराठी घरांत पोरं गुजरातीत भांडतात, हिंदीत कार्टून बघतात, इंग्रजीत आकडे मोजतात, मराठी उरली आजीपुरती. भाचीने चित्र काढलं, आजोबा खूश होऊन म्हणाले "बेस!" तर ती गुजरातीतलं "बेस", म्हणजे "बस", समजून खाली बसली.

मांजलपूर७२: 😂 आमच्याकडे बेडकाला देडकोच म्हणतात.

सेवउसळ_प्रेमी: हसा. वीस वर्षांनी रडाल.

अलकापुरीची_सून: मी गुजराती, सासर मराठी. मुलगा चारही भाषा बोलतो, कुणाचं काही बिघडलं नाही. सयाजीराव स्वतः मराठी, १९०६ ला अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पोरं शिकली ती बहुतेक गुजरातीतूनच. त्यांना विचारायचं होतं ना मराठीचं काय.

सेवउसळ_प्रेमी: सयाजीरावांना मध्ये आणायचं नाही हं! लोकांची भाषा म्हणून आणली त्यांनी गुजराती, आपली सोडा नाही म्हणाले. तुमच्या घरी सासूबाईंशी मराठीत बोलतं तरी का कुणी?

अलकापुरीची_सून: माझा मुलगा बोलतो. त्यांचा मुलगा ऑफिसातून आला की मोबाईलमध्ये असतो. अजून काही?

ड्रिलमास्तर_निवृत्त: बेस! (बसू नका, शाबासकी आहे.)

रावपुऱ्याची_आई: धागा माझा आहे, आठवण करून देते. काका, आउटचं पटलं. उद्यापासून जो चुकेल त्याने पुढची ऑर्डर द्यायची, तेवढाच तो बोलेल.

खालचा_मजला: ताई, मी तुमच्याच बिल्डिंगमधला, बरोबर खालचा फ्लॅट. नाईट शिफ्ट करून दुपारी झोपतो. तुमची ती "विंडो" नेमकी माझ्या पलंगावर येते. मला आता झोपेतसुद्धा कळतं कोण हॉप करतंय आणि कोण रन. "टिपटो" कधी घेणार?

रावपुऱ्याची_आई: अगंबाई! सोमवारीच घेते. आणि विंडोऐवजी "डोअर" म्हणू का?

खालचा_मजला: दाराखाली आई झोपते.