'मिनिमलिस्ट'ला आपल्याकडे काय म्हणतात?

लिंबोणी: दिवाळी अंकासाठी एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करतेय. घरातल्या वस्तू कमी करून मिनिमलिस्ट राहायला प्रेरणा कुठून घ्यायची, असा विषय. मी 'काटकसरी' लिहिलं, तर संपादकबाईंनी लाल रेघ मारली. "लेखातल्या बाईंकडे तीनच खुर्च्या आहेत, पण एकेक चाळीस हजारांची!" शब्द सुचवा.

जुनीखाट: अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे साठवायचं नाही. पतंजलींच्या पाच यमांत आहे, जैनांच्या पाच महाव्रतांत आहे. नवा शब्द पाडायची गरजच काय?

लिंबोणी: 'अपरिग्रही बैठकीची खोली' असं वाचून कोण सोफ्यावर बसेल? मुनिमहाराज येणार म्हणून उभेच राहतील.

वऱ्हाडी_बाणा: गांधीजींच्या एकादशव्रतांवर विनोबांनी जो श्लोक रचला त्यात 'असंग्रह' आहे, तो जिभेला सोपा. आणि प्रेरणाच हवी तर सेवाग्रामला जाऊन या. बापूकुटीत जमिनीवरची बैठक, लिहायला बुटकं मेज, तीन माकडं. पण भिंत कोरी नाही बरं का. गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीतून ताडाची झाडं आणि चरखा उठवलाय. वस्तू कमी म्हणून घर रूक्ष असलंच पाहिजे असं नाही.

सातवी_पायरी: आमची आजी (सातारा) 'आटोपशीर संसार' म्हणायची. तोच घ्या की.

वऱ्हाडी_बाणा: आमच्याकडे भाषण आटोपशीर, लग्न आटोपशीर. संसार आटोपला म्हटलं तर लोक भेटायला येतील.

सातवी_पायरी: 'आटोपला' वेगळं, 'आटोपशीर' वेगळं. आटोक्यात राहतो तो आटोपशीर. मूळ एकच.

जुनीखाट: आधार? का नुसतं कानाला लागलं म्हणून?

मीठभाकर: मुळं खणायचीच तर 'काटकसर'मधली कसर अरबी आहे. बटाटा पोर्तुगीज आहे, तो रोज खाता. 'मिनिमलिस्ट' राहू द्या, पोरं तेच म्हणतात.

जुनीखाट: मग संसारालाही 'लाइफ' म्हणा. तुकोबांच्या 'उदास विचारें वेच करी'त उदास म्हणजे अलिप्त. आज उदास म्हणजे तोंड पाडून बसलेला. वापरणाऱ्यांवर सोडलं की शब्दाचं हे असं होतं.

मीठभाकर: तरी तुकोबा कळतात ना? शिवाय त्याच ओळीत आधी 'जोडोनियां धन' आहे, ते सोयीस्कर गाळलंत.

लिंबोणी: 'सुटसुटीत' कसा वाटतो? सुटसुटीत घर, सुटसुटीत राहणी?

चाळकरी: सुटसुटीत साडी असते. गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत आख्खं कुटुंब राहायचो, तेव्हा ह्या जीवनशैलीला 'जागा नाही' म्हणत. दिवाळीआधी आई जुने कपडे बोहारणीला द्यायची. कपाट रिकामं, आणि फळीवर नवं पातेलं!

सातवी_पायरी: बोहारीण? आमच्याकडे भांडेवाली.

वऱ्हाडी_बाणा: इकडेही भांडेवालीच. बोहारीण मुंबई-पुण्याची.

चाळकरी: भांडेवाली पैसे घेऊन भांडी विकते. बोहारीण कपड्यांवर भांडी देते. जरीची साडी असली तर तिचे डोळे आधी काठावर जायचे.

लिंबोणी: अंक उद्या छापायला जातोय हो...

जुनीखाट: 'बोहारीण' हा 'व्यवहार'चाच अपभ्रंश असणार.

मीठभाकर: आधार?

चाळकरी: व्यवहार कसला! आईचा शालू आणि बाबांची पँट घेऊन एक गाळणी टेकवून गेली होती.