पॉवरशेल: मॉड्यूल इन्स्टॉल हाय, मग शेड्यूलरला का सापडंना?

सेलूकर:
जिनिंगच्या ऑफिसात कापसाच्या आवकेचा रिपोर्ट रोज एक्सेलमदी काढावा लागतो म्हणून पॉवरशेल ७ (विंडोजला लिहून कमांड द्यायचं साधन) मदून इम्पोर्टएक्सेल मॉड्यूल (एक्सेलच्या तयार कमांडांचा संच) इन्स्टॉल केलं, हातानं चालवलं की मस्त चालायलंय पण तीच स्क्रिप्ट टास्क शेड्यूलरला (ठरल्या वेळी आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या साधनाला) लावली की एक्स्पोर्ट-एक्सेल कमांडच नाही म्हणायलंय. एकजण म्हणतो वरी इम्पोर्ट-मॉड्यूल लिहा, दुसरा म्हणतो स्क्रिप्टमदीच इन्स्टॉल-मॉड्यूल टाका. नेमकं काय करू?

नांदेडवाला:
भाऊ, इन्स्टॉल स्क्रिप्टमदी टाकूच नका, रोज गॅलरीकडं (नेटवरच्या मॉड्यूलच्या भांडाराकडं) कशाला पळवायचं त्याला. इन्स्टॉल म्हणजे पॉवरशेल गॅलरीवरून उतरवून डिस्कवर ठेवणं, ते एकदाच. इम्पोर्ट म्हणजे डिस्कवरचं मॉड्यूल चालू सेशनमदी लोड करणं, विंडो बंद केली की गेलं. अन् पॉवरशेल ३ पासून इम्पोर्टबी आपोआप होतंय, कमांड मारली की मॉड्यूल लोड, फक्त ते पीएसमॉड्यूलपाथमदल्या (पॉवरशेल मॉड्यूल जिथं शोधतंय त्या यादीतल्या) फोल्डरात पाहिजे. म्हणून हातानं चालवताना तुम्हाला काही करावं लागलं नाही.

लातूरची ताई:
दादा, टास्कमदी प्रोग्रॅम कोणता दिलाय अन् कोणत्या युजरनं चालतंय?

सेलूकर:
पॉवरशेल डॉट ईएक्सई. युजर सिस्टीम, म्हणजे विंडोजचं स्वतःचं खातं.

लातूरची ताई:
मग घोळ तिथंच हाय. पॉवरशेल डॉट ईएक्सई म्हणजे विंडोजसोबत आलेलं ५.१, सातचं नाव पीडब्ल्यूएसएच. सातचं मॉड्यूल तुमच्या डॉक्युमेंट्समदल्या पॉवरशेल फोल्डरात बसलंय, ५.१ बघतंय विंडोजपॉवरशेल फोल्डरात, त्यात सिस्टीम युजर तुमच्या डॉक्युमेंट्समदी जातच नाही, त्यामुळं नुसती इम्पोर्टची ओळ टाकून काही होणार नाही. टास्कमदी पीडब्ल्यूएसएच द्या, अन् ॲडमिन म्हणून सातची विंडो उघडून इन्स्टॉल-मॉड्यूलला स्कोप ऑलयूजर्स (सगळ्या युजरसाठी) देऊन परत इन्स्टॉल करा. त्यानंतर स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीला इम्पोर्ट-मॉड्यूल लिहा, एररॲक्शन स्टॉप लावून. आपोआप होत असलं तरी लिहाच, मॉड्यूल नसलं तर स्क्रिप्ट तिथंच थांबते, अर्धवट रिपोर्ट निघत नाही.

नांदेडवाला:
ताईचं बरोबर हाय. अन् गोदामातल्या पीसीला नेट नसंल तर दुसऱ्या पीसीवर सेव्ह-मॉड्यूलनं फोल्डर उतरवा, पेनड्राइव्हनं नेऊन प्रोग्रॅम फाइल्समदल्या पॉवरशेलच्या मॉड्यूल्स फोल्डरात टाका. गेट-मॉड्यूलला लिस्टअव्हेलेबल लावून बघा, नाव दिसलं म्हणजे बसलं.