सल्ला हवा: इंग्लंडच्या खेड्यातलं चाकं बनवणारं घराणं कसं शोधू? (ऑल्डबोर्न, विल्टशायर)

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची, गेली अकरा वर्षं स्विंडनला. सासर इंग्रज. सासूबाईंना येत्या मे महिन्यात ऐंशी पूर्ण होतील. आपल्या आईच्या वडिलांचं घराणं किती मागपर्यंत जातं ते एकदा कळावं, असं त्या कैक वर्षं म्हणत आल्यात. घरातल्या कुणाला वेळ झाला नाही. या वाढदिवसाला ते त्यांच्या हातात द्यायचं, असं मी मनाशी ठरवलंय.

माहिती एवढीच आहे. आजोबांचा जन्म १८८४ च्या सुमाराचा, गाव ऑल्डबोर्न, इथून जवळच. पुढे ते स्विंडनला ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्यात डबे बांधायच्या कामाला लागले. त्यांचे वडील आणि आजोबा गावात गाड्यांची चाकं बनवायचे, म्हणजे इथल्या भाषेत व्हीलराइट. आडनाव इथे लिहीत नाही, नातलग अजून त्या भागात आहेत.

मी एक चूक करून बसलेय, ती आधीच सांगते. एका सशुल्क साइटवर कुणीतरी तयार करून ठेवलेली वंशावळ मिळाली आणि ती जशीच्या तशी उतरवली. दोन संध्याकाळींत थेट १६९० ला पोचले. सासूबाईंनी चष्मा लावून कागद पाहिला आणि शांतपणे विचारलं, "हा विल्यम १८३१ ला पुरलाय, मग १८३४ ला त्याला मूल कसं झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते सगळं बाजूला ठेवून आता पहिल्यापासून करायचंय.

विचारायचं असं: पैसे कशावर भरावेत? प्रत्यक्ष कुठे जावं? एकाच नावाची दोन-दोन माणसं निघाली तर आपलं कोणतं ते कसं ओळखायचं? आणि घरात एक जुनी वस्तू आहे, तळहाताहून मोठी लोखंडी चकती, मधोमध खिळ्यावर फिरणारी, तिला लांब दांडा. हे काय असेल?

लेस्टरकर:
ताई, आधी पैसे कशावरच भरू नका. सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड काढा. बऱ्याच वाचनालयांतल्या संगणकांवर ॲन्सेस्ट्री नाहीतर फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या सशुल्क साइट्स फुकट बघता येतात. जन्म-लग्न-मृत्यूच्या सूचीसाठी फ्रीबीएमडी पूर्ण मोफत आहे.

सुरुवात आजोबांपासून करा आणि एकेक पायरी मागे जा. मधली पायरी गाळायची नाही. १९२१ ची जनगणना २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. तिच्यात माणूस कुणाकडे आणि कुठे कामाला आहे तेही लिहून घेतलं होतं, त्यामुळे रेल्वेचं नाव तिथेच सापडायला हवं. १९३१ ची शोधत बसू नका, ती १९४२ मध्ये आगीत जळाली. १९४१ ला युद्धामुळे झालीच नाही. मधली जागा १९३९ च्या सप्टेंबरातलं रजिस्टर भरून काढतं. आजोबांची नोकरी पक्की करायची असेल तर ग्रेट वेस्टर्नच्या कर्मचाऱ्यांची दप्तरं लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

सरकारी जन्मनोंदणी १ जुलै १८३७ पासूनची. जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या ऑनलाइन सूचीत तेव्हापासूनच्या जन्मांपुढे आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं. जुन्या छापील सूचीत ते १९११ च्या मध्यानंतरच येतं. दोन विल्यम असतील, तर कुठलं मूल कुणाचं ते या एका रकान्यावरून सुटतं.

सुताराचा नातू:
कृष्णाकाठताई, तुमची चकती वाचली आणि राहवलं नाही. तिला ट्रॅव्हलर म्हणतात. चाकाचा घेर मोजायचं हत्यार आहे ते. चकतीच्या कडेवर एक खूण करायची, ती चाकाच्या कडेला टेकवायची आणि चकती फिरवत चाकाभोवती एक फेरा घ्यायचा. किती वेढे झाले ते मोजायचं. मग तितकेच वेढे लोखंडी पट्टीवर घ्यायचे आणि पट्टी त्याहून जराशी कमी ठेवून धाव, म्हणजे चाकावर चढवायचं लोखंडी कडं, जोडायची.

कमी का, हे माझ्या आजोबांनी मला कराडजवळच्या आमच्या गावी दाखवलं होतं. धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल केली की फुगते, तेव्हा ती लाकडावर बसते. चौघांनी चिमट्यांनी धरून आणायची, ठोकून बसवायची आणि लगेच वरून पाणी. वाफेचा लोट उठतो, धाव आवळते आणि सगळे सांधे कडाकडा आवाज करत घट्ट होतात. त्या आवाजावरून आजोबा सांगायचे, चाक उतरलं की नाही ते. इंग्लंडमध्ये रीत हीच, लाकूड वेगळं. आपल्याकडे बाभूळ. तिकडे तुंबा, म्हणजे चाकाचा मधला ठोकळा, एल्मचा, कारण त्याचे धागे एकमेकांत गुंतलेले, आऱ्यांची इतकी भोकं पाडूनही तो फाटत नाही. आरे ओकचे, धाग्याच्या रेषेत फोडून काढलेले. कडेचे वाकडे तुकडे ॲशचे, ते हादरे सोसतात. एकेका तुकड्यात दोन आरे.

त्या चकतीच्या कडेवर छिन्नीने केलेली खूण आहे का बघा. घासू नका, गंज काढायला ॲसिड तर अजिबात लावू नका.

कृष्णाकाठ:
आहे! कडेवर एक छोटी खाच आहे. भिंगातून पाहिली. सासूबाई इतकी वर्षं ती दाराला अडसर म्हणून लावत होत्या. नातूदादा, तुमचे मनापासून आभार.

जुनी पाने:
मी रीडिंगला असते. नवऱ्याच्या आजोळची लोहारांची शाखा शोधायला मला सहा वर्षं लागली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझा मुख्य सल्ला असा की नावाच्या मागे जाऊ नका, धंद्याच्या मागे जा. खेड्यात नावं चार-पाचच असायची. जॉन, विल्यम, थॉमस. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव. पण चाकवाला गावात एक, फार तर दोन. शेतमजूर घर बदलायचा. चाकवाल्याला कापलेलं लाकूड वर्षानुवर्षं वाळवत ठेवायला आवार लागे, धाव चढवायची जागा लागे. तो सहसा हलायचा नाही. माणूस हरवला तरी कारखाना सापडतो, आणि कारखान्यातून माणूस परत सापडतो.

हे करायला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे बाप्तिस्म्याचं रजिस्टर. १ जानेवारी १८१३ पासून इंग्लंडभर छापील रकान्यांची रजिस्टरं सुरू झाली आणि त्यात बापाचा धंदा लिहायचा स्वतंत्र रकाना आला. त्याआधी बहुतेक ठिकाणी मूल, आई, बाप आणि तारीख, संपलं. त्यामुळे तुमचे दोन विल्यम १८१३ नंतर जन्मलेले असतील, तर कोण चाकवाल्याचा आणि कोण मजुराचा ते एका ओळीत कळेल. दफनाच्या रजिस्टरातही १८१३ पासून वय आणि राहण्याचं ठिकाण आहे. १८३१ चा तो पुरलेला विल्यम किती वर्षांचा होता ते आधी बघा, अर्धा गुंता तिथेच सुटेल.

जनगणनेत १८४१ ला जपून. पंधरा वर्षांवरच्यांची वयं बहुतेक पाचच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, ३९ चा माणूस ३५ चा दिसतो. नातं लिहिलेलं नाही, जन्मगावही नाही, फक्त याच काउंटीतला की नाही एवढंच. १८५१ पासून नातं आणि जन्माची पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतलं गाव, आहे. शिवाय मालकाने आपल्याकडे किती माणसं आणि उमेदवार, म्हणजे काम शिकणारी पोरं, आहेत ते सांगायचं असे. १९११ ला कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला कागद आपल्याला बघायला मिळतो, आणि त्यात लग्न झालेल्या बाईला किती मुलं झाली, किती जगली आणि किती गेली तेही आहे. मी तो रकाना पहिल्यांदा वाचला तेव्हा वाचनालयातच डोळे भरून आले होते.

बायकांकडे दुर्लक्ष करू नका. धनी गेला की कारखाना बरेचदा त्याच्या बायकोच्या नावावर चालायचा. मुलगा हाताशी येईपर्यंत ती कारागीर ठेवून काम करून घ्यायची. व्यापारी डिरेक्टऱ्यांमध्ये, म्हणजे पिगॉट, केली वगैरेंच्या, अशी नावं दिसतात. लेस्टर विद्यापीठाने त्यातल्या पुष्कळ ऑनलाइन फुकट ठेवल्यात. 'चाकवाला आणि अंत्यविधीवाला' अशी जोडी दिसली तर चक्रावू नका. लाकूड आणि हत्यारं त्याच्याकडेच, म्हणून गावच्या शवपेट्याही तोच करायचा.

आता जायचं कुठे. ताई, तुमचं नशीब थोर. विल्टशायर अँड स्विंडन हिस्टरी सेंटर चिपनहॅमला स्टेशनच्या अगदी शेजारी आहे, तुम्हाला स्विंडनहून थेट गाडी. आधी वेळ ठरवा, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या, पेन नाही, पेन्सिल. सॉल्झबरी बिशपच्या न्यायालयांतली जुनी मृत्युपत्रं तिथे आहेत, सुमारे १ लाख ५ हजार, १५४० पासून १८५८ पर्यंतची. चाकवाल्याकडे जमीन नसली तरी हत्यारं आणि लाकडाचा साठा असे, तो कुणाला द्यायचा ते लिहून ठेवणं त्याला भाग पडे. १२ जानेवारी १८५८ पासून मृत्युपत्रं सरकारी कचेरीत गेली, त्यांची सूची ऑनलाइन मिळते.

नकाशेही विचारा. १८३६ च्या कायद्यानंतर दशांश-कराचे, म्हणजे चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचे, नकाशे झाले. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, आणि जोडीच्या वहीत मालक कोण, वापरतो कोण. काही गावांत इन्क्लोजरच्या, म्हणजे गावची सामाईक जमीन कुंपणं घालून वाटून टाकायच्या, वेळीच त्या कराच्या बदल्यात जमीन देऊन टाकली होती, तिथे हा नकाशा अपुरा असतो किंवा नसतोच. तेव्हा ऑल्डबोर्नसाठी दोन्ही मागा, इन्क्लोजरचाही. नंतरचे ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे २५ इंची (मैलाला २५ इंच) नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर घरबसल्या दिसतात, लोहाराचं दुकान त्यात लिहिलेलं असतं. धाव चढवायला चाकवाल्याला लोहार शेजारीच लागायचा, म्हणून त्याच्या आसपास शोधा.

लेस्टरकर:
जुनी पाने यांच्या यादीत एक भर. उमेदवारीच्या करारांवर १७१० पासून जवळजवळ शंभर वर्षं सरकारी मुद्रांक-कर होता, त्याच्या वह्या क्यूला आहेत. उस्ताद कोण, कुठला, धंदा काय, उमेदवार कोण, आणि सुरुवातीच्या वर्षांत बापाचं नावही. पण बापाकडेच धंदा शिकलेल्या पोराचा करार बहुतेक होत नसे, त्यामुळे मिळालं नाही तर खचू नका.

आणखी एक गोष्ट विल्टशायरची खास. १८३० च्या नोव्हेंबरात मळणीयंत्रं फोडायचा उठाव झाला, त्याचा मोठा जोर या काउंटीत होता. मजुरांबरोबर गावचे कारागीरही पकडले गेले. पुढच्या जानेवारीत सॉल्झबरीला खास न्यायालय बसलं आणि कित्येकांना जहाजात घालून टास्मानियाला पाठवलं. तुमचा कुणी १८३० नंतर एकदम नाहीसा झाला आणि दफनही सापडत नसेल, तर ऑस्ट्रेलियातली कैद्यांची दप्तरं बघायला विसरू नका.

मु. पो. स्विंडन:
मी मडगावचा, इथे स्विंडनमध्ये गोव्याची बरीच मंडळी आहोत. ऑल्डबोर्नला आम्ही सुट्टीत जातो. तळं आहे, हिरवळ आहे, चर्चमध्ये अठराव्या शतकातले आगीचे दोन बंब ठेवलेत. त्या गावात चर्चच्या घंटा ओतायचा धंदा पिढ्यानपिढ्या चालला, कॉर आणि वेल्स ही घराणी त्यातली. विणकाम, विलोचं काम, सगळं होतं. एकूण कारागिरांचंच गाव. चर्चचं आवार जरूर फिरा, सकाळी ऊन तिरपं असताना, दगडांवरची अक्षरं तेव्हाच उठून दिसतात.

कृष्णाकाठ:
मंडळी, सहा आठवड्यांनी येतेय. काय काय झालं ते सांगते.

१९२१ मध्ये आजोबा मिळाले, कामाचं ठिकाण रेल्वे. १८९१ मध्ये सात वर्षांचे, बापाच्या नावापुढे व्हीलराइट. बापाच्या जन्माचा दाखला मागवला, १८५० चा, त्यात त्याचा बाप विल्यम, धंदा तोच. १८५१ ला हा विल्यम मालक, हाताखाली एक माणूस आणि एक उमेदवार. मग चिपनहॅमला जाऊन मायक्रोफिल्मवर बाप्तिस्म्याचं रजिस्टर बघितलं. दोन विल्यम एकाच पानावर निघाले, १८१६, तीन ओळींच्या अंतराने! एकाचा बाप मजूर, एकाचा चाकवाला. वंशावळीवाल्याने मजुराचं कुटुंब उचलून आमच्यात घातलं होतं. आणि १८३१ ला पुरलेला विल्यम होता ७४ वर्षांचा, तो बहुधा आमच्या विल्यमचा आजोबा. त्याचा पुरावा अजून नाही, म्हणून पेन्सिलीनेच लिहिलंय.

चाकवाल्या बापाचं १८४३ चं मृत्युपत्रही मिळालं. हत्यारं आणि लाकडाचा साठा मुलगा विल्यमला, घरातला बिछाना आणि घड्याळ बायकोला. साठ्यात काय काय ते कारकुनाने तीन शब्दांत लिहिलंय. पहिला 'नेव्ह्ज', दुसरा 'स्पोक्स' असा लागला. तिसरा मला काही केल्या वाचता येत नाही. एफने सुरू होतो, मधे दोन उंच रेघा, शेवटी एस. सासूबाईंना 'फोलीज' वाटतं, पण त्याला अर्थ लागत नाही. फोटो जोडलाय.

सुताराचा नातू:
ताई, फोटो मोठा करून पाहिला. 'फेलीज' आहे ते. चाकाच्या कडेचे ॲशचे वाकडे तुकडे, मी वर लिहिले होते तेच, त्यांचं जुनं बोलीतलं नाव. तुंबे, आरे आणि कडेचे तुकडे. पोराने फक्त जोडायचं आणि धाव चढवायची, एवढं सगळं बापाने घडवून ठेवलं होतं. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.