टेक्सासहून कॅलिफोर्नियात येताना पिस्तुलाची मॅगझिन – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात डॅलसहून सॅन होजेला गाडीने मुक्काम हलवतोय. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. एक ग्लॉक १९ पिस्तूल आहे, टेक्सासमध्ये रीतसर घेतलेलं. त्याच्यासोबत १५ गोळ्यांची तीन मॅगझिन (पिस्तुलात बसणाऱ्या, गोळ्या भरायच्या पेट्या) आली होती. इथे त्यांवर बंधन नाही, त्यामुळे आजवर विचारच केला नव्हता.

कॅलिफोर्नियात १० पेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन राज्यात आणणंही गुन्हा आहे (पीनल कोड ३२३१०), हे वाचलंय. पिस्तुलाची आटे असलेली नळी (जिच्यावर सायलेन्सर बसवता येतो) काढून साधी बसवली आणि आटेवाली इथेच विकली. सायलेन्सर नाही. तिथे गेल्यावर ६० दिवसांत पिस्तुलाची नोंद करायची, तेही माहीत आहे. म्हणजे पिस्तुलाचा प्रश्न नाही, अडलंय ते मॅगझिनवर.

कलम १६७४० म्हणतं की १० च्या वर गोळ्या मावणार नाहीत असा 'कायमस्वरूपी' बदल केलेलं मॅगझिन बंदीत येत नाही. पण कायमस्वरूपी म्हणजे नेमकं काय? दोन दुकानांत विचारलं. एक म्हणाला, आत ठोकळा घालून रिव्हेट मारलं की पुरे. दुसरा म्हणाला, इपॉक्सीने तळ चिकटवल्याशिवाय धोका पत्करू नका. वकिलाकडे जाणारच आहे, पण बायको-मुलं गाडीत असताना मला जराही शंका नकोय.

मॅगझिन विकून नवी १० ची घ्या, हा सल्ला मान्य आहे, तो शेवटचा पर्याय ठेवलाय.

तिथे राहणाऱ्या कुणी असा बदल करून घेतलाय का? कोणत्या पद्धतीने, आणि राज्याच्या न्याय विभागाकडून काही लेखी उत्तर मिळालं होतं का?